पायाचे बोल्ट

१२ जानेवारी

खोकी उघडली. शेवटी उघडलीच. ह्यांना झटका आल्यापासून ती जिन्याखाली पडून होती आणि येता-जाता माझ्या पायाला लागत होती. वर धूळ, धुळीवर गणवेशाच्या कापडाचे तुकडे, त्यावर छत्र्या. आज सगळं बाजूला केलं, मशीनवरची कात्री घेतली आणि टेप कापली.

पवनचक्की. लहानशीच आहे. तीन पाती, एक शेपूट, मध्ये मोटरसारखं काहीतरी जड. मला वाटलं होतं चांगली मोठी असेल. असो.

ही खोकी आली आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं पार गेलं. खोकी आली त्या दिवशी मी विचारलं होतं, हे काय आणलंत? पवनचक्की, म्हणाले. कशाला? बघू, म्हणाले. एवढंच. त्याच्या आदल्या दिवशी वीज गेली होती, शाळेचे गणवेश मशीनवर अर्धवट अडकले होते आणि मी वीज खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. त्यामुळे मला काय समजायचं ते समजलं. तोंडाने एक शब्द बोलणार नाहीत, पण माझ्या मशीनसाठी गुपचूप पवनचक्की घेऊन येतील! मोजणी खात्यात जन्म गेला ह्यांचा. लोकांच्या जमिनी मोजल्या, शब्दही मोजूनच वापरले.

आज खोकी उघडली ती वाचावाल्या मुलीमुळे. ती आठवड्यातून दोनदा येते, ह्यांना बोलायला शिकवते. म्हणाली, काकू, आजारापूर्वी काकांना ज्याची ओढ होती ते डोळ्यांसमोर आणा. आतून वाटलं तर तोंड उघडेल. मी म्हटलं, ह्यांना कसली ओढ गं, दुपारचं फिरणं सोडलं तर? जेवले की निघायचे, ते अंधार पडायच्या आत परत. आणि एकदम जिन्याखालची खोकी आठवली.

ठरलं. पवनचक्की लावायची. ह्यांच्या तोंडून एक शब्द निघायला हवा. मी काही भाषण मागत नाही.

१४ जानेवारी

दिवसभर फोन. सौरवाले आहेत, पंपवाले आहेत, लिफ्टवाले आहेत. पवनचक्की म्हटलं की हसतात. एक जण मात्र येतो म्हणाला.

१७ जानेवारी

पंखेवाला येऊन गेला. मी त्याला पंखेवाला म्हटलं तर रागावला नाही, उलट हसला. गोल पोट, तोंड सतत चालू. माझ्या तोडीचा बोलणारा बऱ्याच दिवसांनी घरात आला.

सगळे भाग जमिनीवर मांडले आणि डोकं खाजवलं. म्हणाला, काकू, हे कशावर चालवणार? मी म्हटलं, तीन शिलाई मशीन आणि इस्त्री. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणे, ह्याच्यावर इस्त्री तापायची नाही, इस्त्रीचा दिवासुद्धा लागेल की नाही शंका आहे. असलं नावेवर लावतात, नाहीतर रानातल्या एखाद्या खोलीवर. एक दिवा, एक रेडिओ, फोन चार्जिंगला. झालं.

मला राग आला. म्हटलं, सुरुवात लहानापासूनच करतात. आमच्या साहेबांनी विचार करूनच आणलंय, ते न मोजता चमचाभर साखरसुद्धा घेत नाहीत. तो गप्प बसला. तोंडात बिस्कीट होतं म्हणूनही असेल.

मग जागेवरून वाद. तो म्हणतो, अंगणाच्या पार टोकाला, जमिनीत पाया घालून उभी करा. घराच्या भिंतीला लावलीत तर घोंघों घरात येईल. मी म्हटलं, टोकाला लावून ह्यांना दिसणार कशी? हे मागच्या खोलीत पलंगावर. पलंगाच्या बरोबर वर छताला काच आहे, उजेडासाठी ह्यांनीच बसवून घेतलेली. खांब त्या भिंतीला लावला की उताणं पडल्या पडल्या पाती दिसतील. सगळा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

शिवाय जमिनीत लावायचं म्हटलं तरी पायाचे बोल्ट खोक्यात नाहीतच. खालची लोखंडी प्लेटही नाही. पंखेवाल्याने चारही खोकी उलटी करून झटकली. दुकानदाराने दाबले म्हणायचे. असल्या लोकांना सोडणार नाही मी.

१८ जानेवारी

लेकीचा फोन. ती तिकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर बाबांचा चेहरा बघते आणि मग काही बोलतच नाही. तिला पवनचक्कीचं सांगितलं. म्हणाली, आई, बाबांनी खरंच तुझ्यासाठी आणली? मी म्हटलं, मग काय शेजारणीसाठी आणली?

हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, बाबा रोमँटिक आहेत म्हणजे. मी म्हटलं, आहेत, पण सांगायचे नाहीत कोणाला.

आत जाऊन ह्यांना सांगितलं, लेक काय म्हणाली ते. डोळे मिटून घेतले त्यांनी. लाजले असतील.

२१ जानेवारी

दुकानदाराला फोन केला. बोल्ट कुठे आहेत माझे? तो म्हणतो, ताई, सामान पूर्ण दिलंय, मुलाला विचारून कळवतो. कळवतो म्हणे! मी त्याला असा झाडला की बाजूला काजं करत बसलेली माझी बाई सुई टोचून घेऊन बसली.

२५ जानेवारी

लागली!

सकाळपासून भिंतीला ड्रिल. घरभर लाल भुकटी. कापडांवर चादरी टाकल्या तरी पांढऱ्या शर्टांचा एक गठ्ठा धुवायला गेलाच. भिंतीला लोखंडी क्लँप ठोकले, त्यात खांब. पंखेवाला ओळंबा धरून खाली आणि त्याचा जोडीदार वर. खांब जरासा कललाय असं मला वाटलं, पण बोलले नाही. म्हणजे बोलले, पण एकदाच.

दुपारी वारा आला. आधी शेपूट हललं, मग पाती जराशी वळली, मागे आली, विचार केल्यासारखी थांबली. आणि फिरली. मी धावत आत गेले. अहो, वर बघा! ह्यांनी वर बघितलं.

डोळ्यांतून पाणी आलं ह्यांच्या. घळाघळा. डाव्या हाताने पुसायला गेले तर ते मीच पुसलं. मीही रडले. पंखेवाला दारात उभा होता, तो परत बाहेर गेला. इतक्या महिन्यांत ह्या चेहऱ्यावर मी काहीच बघितलं नव्हतं. आज बघितलं.

ह्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी आणलीत, मी तुमच्यासाठी लावली. फिटलं.

२६ जानेवारी

ह्यांच्या पलंगाशी दिवा लागला. वाऱ्यावर! इस्त्री तापत नाही, ते खरं. पण दिवा लागतो.

२ फेब्रुवारी

वारा थांबायचं नाव घेत नाही. आवाज येतो. घोंघों नाही म्हणता येणार, पण भिंत गुणगुणते. कपाटातली पेला-बशी किणकिणते. मला काय, मी मशीनच्या खडखडाटात आयुष्य काढलंय. मला ऐकूही येत नाही.

आज वन्सं आल्या. ह्यांच्यापेक्षा मोठ्या, पण अजून ताठ. महिनाभर राहीन म्हणाल्या. भावाच्या उशाशी बसल्या आणि लगेच म्हणाल्या, अगं, हा कान झाकतोय.

खरंच ह्यांनी डावा हात कानावर ठेवला होता आणि डोकं भिंतीला टेकवलं होतं. मी म्हटलं, वन्सं, झाकत नाहीत, ऐकताहेत. भिंतीला कान लावून ऐकतात, दोन-तीन दिवस बघतेय मी. त्यांची स्वतःची वस्तू ना.

वन्संनी माझ्याकडे बघितलं, पण वाद घातला नाही. त्या कुटुंबात कोणी वाद घालत नाही. ती जबाबदारी मी लग्न होऊन आल्यापासून एकटीने सांभाळली आहे.

५ फेब्रुवारी

वाचावाली म्हणते, काका थकलेले दिसतात, झोप होते का? तिने चित्रं दाखवली — कप, चप्पल, घड्याळ. ह्यांनी एकाकडेही बघितलं नाही. काचेकडे बोट केलं मी, पवनचक्कीकडे. तेव्हा घशातून आवाज आला. शब्द नाही, नुसता घरघरता आवाज. पण आवाज!

मी मुलीला म्हटलं, बघितलंस? ओढ म्हणतात ती ही.

९ फेब्रुवारी

दुकानदाराचा फोन आला. मी शिवायला बसले होते, एका खांद्यावर फोन.

म्हणाला, ताई, तुम्ही उगाच आमच्यावर आळ घेतलात. बोल्ट आणि प्लेट साहेब आधीच घेऊन गेले होते. पायाचं काम आधी करावं लागतं ना. काँक्रीट मुरायला वेळ द्यायचा, मग चक्की. साहेबांनी सगळं नीट विचारून घेतलं होतं.

मी म्हटलं, कसला पाया? आमच्या अंगणात पाया नाही.

तो म्हणाला, अंगणात नाही हो ताई. माळावर. आमचा मुलगा साहेबांबरोबर जागा बघायला गेला होता. तिथे खोली घेतलीय ना तुम्ही?

मी म्हटलं, हो. घेतलीय.

का म्हटलं कोण जाणे. फोन ठेवला. मशीन चालूच होती, बाहीवर शिवण भलतीकडे गेली होती. ती उसवली आणि परत घातली.

मग विचारायला परत फोन केला. तुम्हाला माप काय सांगितलं होतं साहेबांनी? किती मोठी हवी म्हणून? तो म्हणाला, साहेब म्हणाले होते, एकट्यापुरती.

१० फेब्रुवारी

काही लिहायचं नाही.

११ फेब्रुवारी

वन्संना सांगितलं, बटणं आणायला जाते. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढे चढ. गुडघे बोलत होते सगळ्या वाटेने. हे रोज दुपारी चढायचे हा चढ. आणि मी संध्याकाळी विचारायची, आज कुठवर गेला होतात? इथेच, म्हणायचे.

माळावर काही नाही. गवत, दगड, वारा. एक खोली, एका खिडकीची. बाजूला मधमाश्यांच्या पेट्या आणि त्यांच्याशी वाकून काहीतरी करणारा एक म्हातारा. खोली त्याचीच, ह्यांनी भाड्याने घेतलेली. त्याने विचारलं, कोण पाहिजे? मी ह्यांचं वर्णन केलं. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, साहेब कुठे आहेत? किती दिवस झाले, आले नाहीत. तुम्ही कोण त्यांच्या?

बहीण, म्हटलं.

मग म्हातारा मोकळेपणाने बोलला. चांगला माणूस हो. तासन्‌तास त्या दगडावर बसायचे. मी माझं काम करायचो, ते त्यांचं बसायचे. कायमचे राहायला येणार होते. सामानही थोडं थोडं आणलं. चक्की बसवली की येतो म्हणाले होते.

मी विचारलं, घरच्यांचं काही बोलले का? म्हातारा म्हणाला, मी एकदा विचारलं होतं, घरी कोण असतं? तर म्हणाले, शिलाई मशीन.

तो हसला. मीही हसले. बहीण हसेलच की.

खोलीमागे पाया आहे. चौकोनी, गुळगुळीत, चार बाजूंना चार बोल्ट वर आलेले, गंजू नये म्हणून ग्रीस लावून प्लॅस्टिक बांधलेले. माझ्या पर्समध्ये टेप असतेच, पण मोजलं नाही. ह्यांचं मोजमाप कधी चुकत नाही.

खोलीत एक अरुंद खाट. खिळ्याला करडा स्वेटर. तो बसमध्ये विसरलो म्हणाले होते मागच्या थंडीत. मी दोन दिवस बोलत होते त्यावरून, विसरभोळे झालात, डोकं कुठे असतं तुमचं. डोकं इथे होतं.

मी थोडा वेळ त्या दगडावर बसले. इतकी शांतता मला सहन होत नाही, कान दुखायला लागतात. मी एकटीच मोठ्याने बोलले काहीतरी. मग उठले. स्वेटर घेतला नाही. उतरताना बटणं घेतली, नाहीतर वन्संनी विचारलं असतं.

१२ फेब्रुवारी

अंग पुसलं ह्यांचं. पाठ, काखा, बोटांमधल्या फटी. पावडर लावली. ज्या माणसाला मला टाकून जायचं होतं त्याच्या पायाची नखं कापली. नीट कापली. कुठेही लागू दिलं नाही.

वर पवनचक्की फिरत होती.

१३ फेब्रुवारी

मी बोलणं टाकलं आहे. कालपासून ह्यांच्याशी एक शब्द नाही. घास भरवते, तोंड पुसते, कूस बदलते. मुक्याने. कळू दे.

१४ फेब्रुवारी

दुपारी लक्षात आलं, ह्यांना बरं वाटतंय! चेहरा सैल झालाय. मी शिक्षा म्हणून गप्प बसले आणि ह्यांना सुट्टी मिळाल्यासारखं झालं. मला इतका संताप आला की मी पलंगाशी उभी राहून वीज खातं, दुकानदार, गणवेशाचा गडद रंग, शाळेची मुख्याध्यापिका, माझे गुडघे, सगळ्यांवर एका दमात बोलले. वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, काय झालंय गं?

मी म्हटलं, काही नाही, बोलतेय नवऱ्याशी.

१५ फेब्रुवारी

वन्संना सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून, म्हणजे आत ऐकू जायला नको. माळ, खोली, खाट, बोल्ट, सगळं.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, हा लहानपणीही असाच. घरात पाहुणे आले की पोटमाळ्यावर जाऊन बसायचा. आई हाका मारून थकायची. अगं, जायचंच असतं तर कधीच गेला असता.

मी म्हटलं, वन्सं, पाया काय ह्यांनी पाहुण्यांसाठी घातला? माणूस पाहुण्यांना कंटाळला तर पोटमाळ्यावर जातो. काँक्रीट ओततो तो परत न येण्यासाठी.

त्यांनी माझा ओला हात धरला. म्हणाल्या, पण आता इथे आहे ना. तुझ्याजवळ आहे.

हेच तर. झटका आला म्हणून माझ्याजवळ आहेत. उजवा पाय चालत असता तर आज ते तिथे दगडावर बसले असते आणि मी इथे दारात उभी राहून लोकांना सांगत असते, फिरायला गेलेत, येतील. मी रोज देवाला म्हणत होते, ह्यांचा पाय बरा कर. आता काय म्हणू तेही कळत नाही.

नळ बंद केला. पिंपभर पाणी वाहून गेलं होतं.

१७ फेब्रुवारी

झोप नाही. आज वन्संच्या जागी दुपारी मीच ह्यांच्या शेजारी आडवी झाले, भिंतीच्या बाजूने. कान टेकला. पहिल्यांदा नीट ऐकलं.

अरे देवा. ते गुणगुणणं नाही. ते हाडांत शिरतं. उशीतून, पलंगाच्या लोखंडातून, दातांतून. थांबत नाही. वारा वाढला की वाढतं, कमी झाला की जरा कमी, आणि मग कधी वाढेल ह्याची वाट बघत पडायचं. आणि मी ह्या माणसाला, ज्याला माझी मशीनसुद्धा सहन झाली नाही, त्याला ह्याच्याखाली आणून बांधला. वर म्हणत होते, ऐकताहेत!

ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, फार होतं ना हे? त्यांच्या घशातून तोच आवाज आला. वाचावालीपुढे आला होता तोच. ओढ म्हटलं होतं मी त्याला.

पंचवीस तारखेला का रडले ते आता मला कळतंय. ह्या वस्तूला ज्या जागी बघायचं म्हणून तो माणूस जगत होता, ती जागा सोडून ती माझ्या भिंतीवर फिरत होती. मी त्यांचं शेवटचं दार बंद करून वर त्याचा उत्सव केला.

मला त्यांची दया आली. लगेच रागही आला. दोन्ही एकाच वेळी येतात, आणि दमायला होतं.

१८ फेब्रुवारी

पंखेवाल्याला बोलावलं. म्हटलं, काढ. तो म्हणाला, मी सांगितलं होतं काकू. मी म्हटलं, सांगितलं होतंस. आता काढ आणि जास्त बोलू नकोस. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून त्यालाच धक्का बसला.

आधी त्याने ब्रेक लावला. पाती थांबली, भिंत थांबली, कपाटातली बशीसुद्धा थांबली. मी समोरच्या खोलीत जाऊन मशीनही बंद केल्या. काजं करणाऱ्या बाईला घरी जा म्हटलं. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

ह्यांना झोप लागली. तोंड उघडं, डावा हात पोटावर, लहान मुलासारखे. दुपार गेली, संध्याकाळ झाली, हलले नाहीत. मी दारात बसून राहिले. इतक्या वर्षांत ह्या माणसाला एवढी गाढ झोप माझ्या घरात लागलेली मला आठवत नाही.

पंखेवाला जाताना हळूच म्हणाला, काकू, आता ही कुठे बसवायची? मी म्हटलं, जागा आहे. पायाही तयार आहे. सांगेन.

सगळं तयार आहे तिकडे. माणूस तेवढा इकडे राहून गेला.

२१ फेब्रुवारी

मशीन सकाळीच लावते आता. दुपारी बंद. कापड कापायचं, काजं, उसवायचं काम, सगळं बिनआवाजाचं दुपारी. गणवेश उशिरा जातील. शाळा ओरडेल, ओरडू दे.

वाचावाली आली होती. म्हणाली, काका एकदम ताजेतवाने. पण तिच्या प्रश्नांना उत्तर नाहीच. हा कप आहे का? तुम्ही बसला आहात का? बाहेर ऊन आहे का? हे नुसते बघतात तिच्याकडे.

जाताना मला बाहेर घेऊन म्हणाली, काकू, मला वाटतं काकांना येईल बोलता. पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते आपण विचारतो, हे त्यांना कळतं. त्याला कोण उत्तर देईल? तुम्ही विचारून बघा. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय असं काहीतरी.

मी म्हटलं, बघते.

२२ फेब्रुवारी

नाही विचारलं. खिडकी उघडू का, विचारलं. पाय चेपू का, विचारलं. लेकीला फोन लावू का, विचारलं.

माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माहीत आहे. मी माळावर जाऊन आले हे त्यांना माहीत आहे, मला खात्री आहे. त्या दिवशी माझ्या साडीला गवताची कुसळं चिकटली होती. मी ह्यांना पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने एक काढलं आणि बोटात धरून बघत बसले होते. मला वाटलं, चाळा करताहेत.

नाही म्हणाले तर मी विश्वास ठेवेन का? ठेवेन. लगेच ठेवेन. म्हणूनच भीती वाटते.

२४ फेब्रुवारी

सकाळी दाढी करून देत होते. एक गाल झाला, वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं. मला सोडून कायमचे माळावर जाणार होतात का तुम्ही?

हो, म्हणाले.

स्वच्छ. नुसता ह नाही, घरघर नाही. हो.

वन्संनी स्वयंपाकघरातून ऐकलं. हातातलं टाकून धावत आल्या, भावाचं तोंड कुरवाळलं, रडल्या, लेकीला फोन त्यांनीच लावला. लेक तिकडे हुंदके देत होती. आई, बाबा बोलले, खरंच बोलले? मग म्हणाली, काय विचारलं होतंस गं तू?

चहा घेणार का, म्हटलं.